न दिल्यास

ब्रनोत अकरा वाजता बाराचे ठोके पडतात.
वेढा घालून बसलेल्या कुणा स्वीडिश सेनापतीला
फसवायला म्हणे एकदा तास पुढे ढकलला,
मग मागे घ्यायचं कुणाला सुचलं नाही.
लढाई संपली, सेटिंग राहिलं.

झ्दिस्लावा ठोके ऐकते आणि टंकत राहते.
तिचं काम असं, की जे यंत्र कुठेच नाही
त्याच्या अवयवांची माहिती लिहायची.
आज कंट्रोलर. डिस्का ज्याचं बोट धरून चालतात, तो.
नाव हार्डवेअर, आणि हाताला लागत काहीच नाही,
ना स्क्रू, ना धूळ, ना तापलेल्या हिरव्या पट्टीचा वास.
टोकदार कंसांत एक ओळ फक्त,
आणि ओळीत एकेक गुणधर्म
अवतरणचिन्हांच्या चिमटीत धरलेला.

क्रमांक: शून्यापासून.
(एकापासून मोजणारे येतील, त्यांच्यासाठी अजून एक वाक्य.)
मॉडेल: न दिल्यास यंत्र स्वतः ठरवील.
रांगा: प्रोसेसर जितके, तितक्या.
जास्त मांडल्या तर त्यांत कुणी उभं राहत नाही.

न दिल्यास.
या दोन शब्दांवर तिची चौदा वर्षं गेली.
लोक काहीच देत नाहीत,
जागा रिकामी सोडतात
आणि रात्री तीनला विचारतात, हे असं का वागलं?

मग तो एक गुणधर्म आला, ज्याच्यापुढे कोरं होतं.
एका वेळी किती विनंत्या. मूळ मूल्य सात.
आठ नाही, सोळा नाही. सात.
कोडमध्ये सही ओल्द्रिख वाव्रोउशची, सतरा वर्षांपूर्वीची,
आणि खाली कारण म्हणून एवढंच: बोलल्याप्रमाणे.

ओल्द्रिख आता झ्नोयमोकडे द्राक्षाच्या वेली छाटतो.
फोन त्याने खांबावर टेकवला असावा,
कात्री ऐकू येत होती.
सात? कच्. हां, सात.
यिहलावाच्या इस्पितळात जुनं कपाट होतं डिस्कांचं,
आठवी विनंती आली की त्याला ठसका लागायचा.
एक्स-रे अर्धे यायचे,
सहाव्या बरगडीपर्यंत माणूस, खाली राख.
तळघरात तीन रात्री आकडा उतरवत बसलो,
चौसष्ट, बत्तीस, सोळा, आठ.
साताला छाती पूर्ण आली.
कुणाची होती कोण जाणे. कच्.

मग लिहून का नाही ठेवलंस?

मिलुश्का वरच्या मजल्यावर होती तेव्हा.
कच्.
कच्.
तिने पुढचं विचारलं नाही, त्याने विचारलं
गावात थंडी किती आहे.

पहिल्या खर्ड्यात तिने सगळं लिहिलं, तळघर, राख, छाती.
तपासणीला क्रिश्तोफ, चोविशीचा, समासात त्याची टीप:
बरगड्या विषयाला धरून नाहीत.
खरंच होतं ते. तिने बरगड्या काढल्या,
मग तळघर, मग इस्पितळ.
उरलं ते असं:
एका वेळच्या विनंत्यांची कमाल संख्या. ऐच्छिक.
न दिल्यास सात.
कारण माहीत असल्याशिवाय वाढवू नये.

शेवटच्या ओळीवरही तो खाट मारेल असं तिला वाटलं होतं.
त्याने ती राहू दिली.
पहिल्या आठवड्यात, ओस्त्राव्हाहून नवा आलेला,
ठोके ऐकून तो थाळी घ्यायला खाली गेला होता,
कँटीनचं शटर बंद,
आणि पायऱ्यांवर उभा राहून घड्याळ कानाशी हलवत होता.
त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

छापील पानावर न दिसणारी एक ओळ
तिने फाइलच्या पोटात ठेवलीच, शेरा म्हणून:
ओ. वा. यांच्याकडून, फोनवर. छाटणीच्या दिवसांत.

पुढचा गुणधर्म, पोर्ट.
न दिल्यास